छोट्या जहाजाची छोटी हत्यारं

मागच्या अंकात लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींवर लिहिलं आणि जाता जाता म्हणून गेलो की हत्यारांचं काही अडलं तर विचारा. लोकांनी ते चांगलंच मनावर घेतलेलं दिसतंय. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच: परदेशी बनावटीचं नाजूक हत्यार ऑनलाइन दिसतं, किंमत बघितली की फोन खाली ठेवावा लागतो, तर घरच्या घरी काय जमेल? बरंच जमेल. पण हातात आलेलं पोलाद कुठल्या जातीचं आहे ते आधी बघायचं. वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला उभी हयात गेली, त्यामुळे माझी गाडी प्रत्येक उत्तरात तिथे येणार, त्याला इलाज नाही.

काका, १:६४ प्रमाणात जहाज करतोय. तोफांच्या खिडक्यांचे कोपरे साफ करायला दोन मिलिमीटरची पटाशी हवी. दुकानात सहाच्या खाली मिळत नाही. जुना स्क्रूड्रायव्हर घासून पाहिला, दोन खिडक्या झाल्या की धार गेली. – एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

जाणारच. स्क्रूड्रायव्हरचं पोलाद पिळवटलं तरी मोडू नये म्हणून असतं, धार धरणं हे त्याचं काम नाही. तुम्ही काँक्रीटमध्ये ठोकायचा पोलादी खिळा घ्या. जांभळी नाक्याला हार्डवेअरच्या दुकानात मागा, साधारण तीन मिलिमीटर जाडीचा. काळा घ्या, पांढरा चकचकीत नको. ती चकाकी जस्ताची असते; तापवल्यावर त्याचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

खिळा मुळात कडक असतो. कानस त्याच्यावर नुसती घसरेल. म्हणून आधी तो नरम करायचा: गॅस टॉर्चने लालभडक तापवा आणि राखेत पुरून ठेवा, हळूहळू गार होऊ द्या. मग तो कानशीला दाद देतो. टोक कापून टाका, पुढचा दोन सेंटिमीटरचा भाग दोन्ही बाजूंनी चपटा करा, रुंदी दोन मिलिमीटरवर आणा आणि एकाच बाजूने पंचवीस-तीस अंशांचा उतार द्या. अगदी धारेपर्यंत जाऊ नका, कागदाच्या जाडीएवढी कड राहू द्या. पातळ कड आगीत जळते.

आता पाणी पाजणं, म्हणजे पोलाद तापवून एकदम गार करून कडक करणं. टोक पुन्हा तापवा. रंगावर विश्वास ठेवायला डोळा सरावलेला लागतो, म्हणून शेजारी लोहचुंबक ठेवा. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं. चिकटेनासं झालं की आणखी जरासं तापवून सरळ उभं तेलात बुडवा. स्वयंपाकाचं तेल चालतं, स्टीलच्या वाटीत, आणि वाटीवर ठेवायला झाकण हाताशी असू द्या, कारण तेल भडकू शकतं. गार झाल्यावर कानस टेकवून बघा. घसरली तर काम झालं. लागत असेल तर त्या खिळ्यात कार्बन बेताचाच आहे. पुन्हा तापवा आणि या वेळी पाण्यात बुडवा.

या अवस्थेत टोक काचेसारखं ठिसूळ असतं, तसंच वापरलं तर पहिल्याच दाबाला कपची उडेल. पॉलिश पेपरने घासून ते पांढरंशुभ्र करा. मग टॉर्चची ज्योत धारेवर न धरता दीड सेंटिमीटर मागे धरा आणि डोळे टोकावर ठेवा. धातूवर रंग चढायला लागतात आणि पुढे सरकतात: आधी फिकट पिवळा, त्यामागून गडद तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. फिकट पिवळा धारेपाशी पोचला त्या क्षणी पाण्यात. हे सगळं चार-पाच सेकंदांत होतं, तेवढ्यात कोणी बेल वाजवली तर वाजवू द्या. निळा धारेवर आला म्हणजे ३०० अंशांच्या आसपास गेलात, कडकपणा गेला, पुन्हा पहिल्यापासून. ज्यांना हा ताण नको त्यांनी केक भाजायच्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर अर्धा तास ठेवावं. आमच्या घरी त्याला परवानगी नाही, तुमच्या घरी विचारून बघा.

मूठ पेरूच्या फांदीची. वाळलेली, अंगठ्याएवढी जाड. धार तेलदगडावर लावा. ग्राइंडरला लावाल तर टोक पुन्हा निळं करून बसाल.

महाप्याच्या एका कारखान्यातून सर्किट बोर्डला भोकं पाडायचे जुने ड्रिल मिळाले, ०.६ आणि ०.८ मिलिमीटरचे. एकदम धारदार आहेत, पण हाताने फिरवले की मोडतात. – घणसोली

ते कार्बाइडचे आहेत. कापायला अव्वल, पण वाकणं त्यांना ठाऊक नाही. यंत्रात अगदी सरळ फिरण्यासाठी केलेली वस्तू हातात थरथरली की मोडणारच. ड्रिल स्टँड असेल तर तिथे वापरा. हातासाठी साध्या हायस्पीड स्टीलचे बारीक ड्रिल घ्या, किंवा शिवणाची सुई घेऊन घरीच करा.

हातशिलाईची सुई चांगल्या कार्बनची आणि आधीच पाणी पाजलेली असते. तापवायची गरजच नाही. सुईला जुनं फडकं गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि सगळ्यात जाड जागेवरून पकडीने कट्कन मोडा. मोडलेलं टोक तेलदगडावर समोरासमोरच्या दोन बाजूंनी घासून चपटं करा, मग पुढून दोन्हीकडे उतार देऊन भाल्याच्या पात्यासारखं टोक काढा. भोक सुईच्या जाडीएवढंच पडतं, म्हणून सुई निवडतानाच व्हर्नियरने मोजा.

धरायला क्लच पेन्सिल घ्या, ड्रॉइंगवाले दोन मिलिमीटरचं शिसं घालतात ती. तिच्या तोंडाशी पितळेचे तीन जबडे असतात. सुई बारीक पडली तर तिच्यावर ओढून घट्ट बसेल अशी पितळी नळी चढवा. आणि फिरवताना एकाच दिशेने पिळत बसू नका, चिमटीत मागे-पुढे लाटा. आपल्या सुतारांचा जुना सामता दोरीने असाच उलटसुलट फिरायचा आणि त्याचं टोकही याच घडणीचं, दोन्हीकडून कापणारं. ट्विस्ट ड्रिलला हे जमत नाही, ते एकाच बाजूने कापतं.

मी रुग्णालयात नर्स आहे. इंजेक्शनच्या सुया टाकून द्याव्या लागतात. मुलाच्या जहाजाला काही उपयोग? – कोपरी

ताई, वापरलेली एकही नको, उकळून घेतलेलीसुद्धा नको. औषधाच्या दुकानात नवी सुई दोन-चार रुपयांत मिळते. तिचा उपयोग मात्र मोठा आहे. तिरकं टोक कापून चौकोनी करा, आतली कड घासा, झाला गोल ठसा. लाकडी फळ्यांवर खुंट्यांची (फळ्या ठोकायच्या लाकडी खिळ्यांची) वर्तुळं उमटवायला यासारखं दुसरं नाही. मुठीच्या रंगावरून माप कळतं: गुलाबी १.२ मिलिमीटर, हिरवी ०.८, निळी ०.६. फक्त ती तापवून कडक करायच्या भानगडीत पडू देऊ नका. ते स्टेनलेस त्या जातीचं नाही, उलट नरम पडेल.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट (शिडांची युद्धनौका) करतो आहे. मूळ जहाज सागवानी, म्हणून मीही सागवानच घेतलं. पण कडेच्या नक्षीच्या पट्ट्या काढताना कपच्या उडतात. नक्षीसाठी कुठलं हत्यार वापरावं? – निवृत्त नौसैनिक, नेरूळ

साहेब, जहाज उत्तम निवडलंत. १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलेलं ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे, त्याचं श्रेय सागालाच. ब्रिटनमध्ये तेव्हा ओकची टंचाई होती आणि सागवान आपल्याकडे होतं. पण लाकडाची रेष काही प्रमाणात लहान होत नाही. सागाच्या अंगावर पाव मिलिमीटरचं छिद्र साध्या डोळ्यांना दिसतं. तुमच्या प्रतिकृतीचं प्रमाण १:६४ धरलं तर मूळ जहाजावर ते सोळा मिलिमीटरचं भगदाड झालं. शिवाय सागात वाळूचा अंश असतो, तो कुठल्याही धारेला खातो. सागवान प्रतिकृतीच्या बैठकीसाठी ठेवा. जहाजासाठी वखारीत हेद मागा, काही जण हळदू म्हणतात. पिवळसर, गच्च, बारीक पोताचं लाकूड आहे. मिळालं नाही तर शिवण.

हत्यार म्हणाल तर मोडक्या हातकरवतीचा तुकडा. का, ते सांगतो. हॅकसॉचं साधं लवचीक ब्लेड असतं त्याचे दातच तेवढे कडक, पाठ मऊ. पॉवर हॅकसॉचं जाड ब्लेड हायस्पीड स्टीलचं, सुऱ्या करायला सोन्यासारखं, ग्राइंडरवर निळं पडलं तरी धार सोडत नाही, पण त्याला कानस लागत नाही आणि तुम्हाला तर नक्षीचा खाचा कानशीनेच काढायचा आहे. सुताराच्या करवतीचं पोलाद मधलं: कानशीने दात लावता येतात एवढं मऊ आणि लाकूड खरवडायला पुरेल एवढं कडक. (ज्या नव्या करवतींचे दात काळे-निळे दिसतात त्यांना कानस लागत नाही. त्यांच्या दातांपासून लांबचा तुकडा घ्या.)

तीन सेंटिमीटरचा तुकडा कापा, कडेला गोल आणि त्रिकोणी सुईकानशीने नक्षीचा उलटा आकार काढा, दोन्ही सपाट बाजू तेलदगडावर घासून कणी काढा. तुकडा किंचित पुढे झुकवून आपल्याकडे ओढा, हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा. पहिल्या काही फेऱ्यांत नुसती पूड निघेल, मग केसासारखे छिलके यायला लागतील. आणि पट्टी आधी कापून मग नक्षी काढू नका. रुंद फळीच्या कडेवर नक्षी काढा, जमली की कडा कापून वेगळी करा. तुमच्या निम्म्या कपच्या तिथेच थांबतील.

काका, मी नववीत आहे. गलबत करतेय. फळी चिकटवली की फेविकॉल सुकेपर्यंत हाताने धरून बसावं लागतं. बाबा क्लॅम्प घेऊन देत नाहीत. – कळवा

बाबांचं बरोबर आहे, एका फळीला दहा लागतात, किती घेणार? कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घे. स्प्रिंग काढ, दोन्ही काड्या उलट्या कर म्हणजे सपाट पाठी आतल्या बाजूला येतील, स्प्रिंग परत बसव. आता तोंड लांब आणि चपटं झालं, पकडही वाढली. पुढचं टोक घासून निमुळतं केलंस तर दोन फासळ्यांच्या मधे शिरेल. आतून सेलोटेप लाव, नाहीतर चिमटा गलबताचाच भाग होऊन बसेल. आईला विचारून घे, दोरीवरचे काढू नकोस.

शिडाच्या दोरखंडांवर आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या बांधताना बोटं आत जात नाहीत. – वाशी

रफूची जाड सुई घ्या, नेढ्याचं वरचं टोक तेलदगडावर घासून उडवा. दोन बारीक शिंगं उरतात. त्यांनी दोरा ढकलायचा. ओढायला क्रोशाची सर्वांत बारीक पोलादी सुई, जी घरात कोणाच्या तरी डब्यात असतेच. आणि पाठीमागे आलेखाचा कागद लावा, मोजत बसू नका. १:६४ ला दोन पायऱ्यांत सहा मिलिमीटर.

फळ्या ठोकायला बांबूच्या बारीक खुंट्या करायच्या आहेत. त्या ओढून गोल करायची भोकांची पट्टी फार महाग आहे. – बेलापूर

खऱ्या जहाजाची खुंटी साधारण दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर धरा. १:४८ ला ती ०.८ होते, १:६४ ला ०.६. यापेक्षा जाड केली तर जहाजाला देवी आल्यासारख्या दिसतात.

पट्टी म्हणून मिलिमीटरभर जाडीची स्टीलची फूटपट्टी चालते. तुर्भ्याला किंवा वागळेला ड्रिल स्टँड असलेल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये १.५ पासून ०.६ पर्यंत, एका दशांशाच्या फरकाने भोकं पाडून आणा. नंतर एक बाजू तेलदगडावर सपाट घासा, म्हणजे भोकांची कड तीक्ष्ण होईल. बांबू याच बाजूने घालायचा. सोनार तार ओढतो ती भोकाच्या पसरट तोंडातून, कारण त्याला धातू दाबून लांबवायचा असतो. आपल्याला बांबू खरवडायचा आहे. इथे बरेच जण गडबड करतात आणि मग पट्टीला दोष देतात.

बांबू करवतीने कापू नका, बुरूड चिरतात तसा सुरीने चिरा, म्हणजे धागा सरळ राहतो. दोन पेरांमधला तुकडा घ्या, हिरवी साल काढा आणि सालीच्या लगतचाच भाग वापरा. आतला भाग भुसभुशीत. टोक निमुळतं करून भोकातून काढा, पकडीने एका दमात ओढा, भोकं वगळू नका. मसाला न लावलेल्या उदबत्तीच्या काड्याही चालतात, दीडच्या आत-बाहेर आयत्या गोल असतात. एक मिलिमीटरपर्यंत बऱ्या, त्याखाली त्यातल्या बऱ्याच तुटतात.

दोर वळायच्या यंत्राबद्दलची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. त्यात मोटर बसवायची का, असं ज्यांनी विचारलंय त्यांनी तोवर घेऊ नये.