सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात झालेल्या धर्मयुद्धांच्या काळात बहुसंख्य लोक निरक्षर असतानाही राजकीय पत्रके इतकी प्रभावी कशी ठरली?

कारण ती केवळ वाचली जात नव्हती. पॅरिसच्या रस्त्यांवर फेरीवाले ती ओरडून विकत, प्रवचनकार तोच मजकूर व्यासपीठावरून ऐकवत, आणि चित्रे तर कोणालाही कळत.

याचा कळस 1589 साली दिसतो. डिसेंबर 1588 मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याने ब्लुआ येथे कॅथलिक लीग या कट्टर कॅथलिक संघटनेचा नेता, गीझचा ड्यूक, आणि त्याचा कार्डिनल भाऊ यांना ठार करवले, त्यानंतर लीगच्या ताब्यातील पॅरिसमध्ये राजाविरुद्ध पत्रकांचा अक्षरशः पूर आला. ‘आंरी द व्हालुआ’ या राजाच्या फ्रेंच नावातील अक्षरे उलटसुलट मांडली की ‘नीच हेरोड’ असे शब्द तयार होतात, आणि बेथलेहेममधील बालकांची कत्तल करवणारा हेरोड कोण हे तर निरक्षर भाविकालाही ठाऊक होते. शिवी म्हणून ही करामत अव्वल दर्जाची मानावी लागेल! जानेवारीत सोरबोनच्या, म्हणजे पॅरिस विद्यापीठाच्या, धर्मपंडितांनी प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. ऑगस्टच्या आरंभी झाक क्लेमाँ या तरुण डोमिनिकन साधूने राजाला भोसकले.

गंमत म्हणजे, यांपैकी पुष्कळ पत्रके आज उपलब्ध आहेत ती लीगचा तिरस्कार करणाऱ्या प्येर द लेत्वाल या पॅरिसवासी रोजनिशीकारामुळे, कारण त्याने ती जमवून वहीत चिकटवून ठेवली.