हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद करावं की मंद चालू ठेवावं? दरवर्षी सर्व्हिसिंग खरंच लागतं का?

बंद करा. झोपताना सरळ बंद करा, नाहीतर थर्मोस्टॅट (घर किती डिग्रीला ठेवायचं ते ठरवणारं बटण) 14-15 डिग्रीवर आणून ठेवा आणि सकाळी उठायच्या अर्धा-पाऊण तास आधी आपोआप चालू होईल असा टायमर लावा. झालं पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, की "मिस्टर म्हणतात थंड पडलेलं घर परत तापवायला दुप्पट गॅस जातो, म्हणून रात्रभर चालू ठेवलेलं परवडतं, आणि बॉयलरचं प्रेशर उतरतं तेव्हा ते थोडं पाणी भरतात की काम भागतं", ते वाचून मला राहवलं नाही. ही दोन्ही वाक्यं मी आमच्या घरात कितीतरी हिवाळे ऐकलीयेत, फक्त बोलणारे मिस्टर नव्हते, भाऊजी होते.

आमचे थोरले दीर इंजिनियर. पुलांचे. पण घरात इंजिनियर एकच असला की नळापासून बॉयलरपर्यंत सगळ्यात शेवटचा शब्द त्यांचाच. तेव्हा आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच घरात राहायचो, ते वर, आम्ही खाली, बॉयलर एक आणि बिल अर्धं-अर्धं. बॉयलर म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते पाइपातून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या लोखंडी पेट्यांमध्ये, फिरवतो तो. बॉयलर स्वयंपाकघरात, म्हणजे दिवसभर त्याच्याकडे बघणारी मी, आणि त्याच्याबद्दल बोलणारे ते.

तर त्या बॉयलरचं प्रेशर सारखं उतरायचं. थंड असताना पाण्याच्या दाबाचा काटा 1 ते 1.5 बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं माप) मध्ये हवा, आमचा सकाळी अर्ध्याच्याही खाली, आणि मग बॉयलर चालूच व्हायचा नाही. भाऊजी खाली यायचे, पाणी भरायचा वॉल्व्ह उघडून काटा दीडवर आणायचे आणि "झालं!" म्हणून वर जायचे. मला दिसायचं ते वेगळंच. हीटिंग सुरू झालं की तोच काटा चढत चढत 3 च्या लाल पट्ट्यात जायचा आणि बाहेरच्या भिंतीतून जो बारीक तांब्याचा पाइप निघतो त्यातून पाणी ठिबकायला लागायचं. मी हे सांगितलं तर उत्तर काय, "पाणी तापलं की प्रेशर वाढणारच गं." वाढणार हो, पण ठीकठाक सिस्टीममध्ये अर्धा-पाऊण बार वाढतं, दुप्पट होत नाही. त्यांचं ठरलेलं होतं की कुठलातरी रेडिएटर लीक आहे. म्हणून मग एका रविवारी सगळे कार्पेट उचलले, प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू पेपर धरून बसलो, मुलांनासुद्धा कामाला लावलं. एक टिश्यू ओला होईल तर शपथ. मी तेव्हाही म्हणत होते की नुसता लीक असता तर काटा खाली गेला असता, हा वर का जातोय? पण पुलांच्या इंजिनियरला स्वयंपाकघरातून कोण शिकवणार.

मग एक टेक्निशियन आला. त्याने कव्हरसुद्धा उघडलं नाही, मॉडेल बघितलं आणि म्हणाला जुना झालाय, नवीन बसवा. भाऊजी तयार! आमचे हे नेहमीप्रमाणे "दादा म्हणतो तसं करू". मी म्हटलं अर्धे पैसे आमचे आहेत, अजून एकाला दाखवल्याशिवाय मी एक पैसा देणार नाही. त्यावरून घरात जे काही झालं ते इथे लिहीत नाही, पण त्या आठवड्यात जेवणं वेगवेगळी झाली एवढं सांगते.

दुसरा मेकॅनिक वयस्कर होता. त्याने आधी मला विचारलं काय होतंय. मी सांगितलं, गरम असताना वर, थंड असताना खाली, बाहेर पाइप ठिबकतो. तो हसला, कव्हर काढलं, आत एक चपटा डबा असतो त्याच्यावर गाडीच्या टायरला असतो तसला छोटा व्हॉल्व्ह असतो, तो टोकाने दाबला. हवा यायला पाहिजे तिथून पाण्याची पिचकारी उडाली. म्हणाला, पडदा फाटलाय.

त्या डब्याला एक्सपान्शन व्हेसल म्हणतात. आत मधोमध रबराचा पडदा, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला सिस्टीमचं पाणी. पाणी 10 डिग्रीवरून 80 ला गेलं की साधारण 3 टक्के फुगतं, म्हणजे पाइप आणि रेडिएटर मिळून 100 लिटर पाणी असेल तर 3 लिटरला जागा हवी. ती जागा या डब्यातली हवा दबून करून देते. पडदा फाटला की जागा संपली, मग प्रेशर 3 ला पोचतं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर टाकतो आणि सकाळी थंड झाल्यावर तेवढं पाणी कमी भरतं. मग भाऊजी येऊन पाणी भरतात! पुन्हा तापलं की पुन्हा बाहेर. दरवेळी नव्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात, त्याचा काळा गाळ तयार होतो. आमच्या झोपायच्या खोलीतला रेडिएटर वरून गरम आणि खाली गारढोण असायचा तो त्यामुळेच. भाऊजी तो चावी घेऊन ब्लीड करत, म्हणजे आतली हवा सोडत, बसायचे. अहो, वर गार असेल तर हवा असते, ब्लीड करायचा. खाली गार असेल तर गाळ असतो, तिथे तुम्ही जन्मभर चावी फिरवलीत तरी काही होणार नाही, फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, घ्यावं लागतं आणि नंतर पाण्यात गंज रोखणारं केमिकल घालावं लागतं.

व्हेसल बदललं. काटा जागेवर बसला तो बसला. बॉयलर पुढे चांगला चालला. आणि भाऊजी काय म्हणाले असतील? "मी म्हणतच होतो, टाकीचं काहीतरी आहे." जाऊबाई तिथेच उभ्या होत्या. साक्ष त्या देणार नाहीत ते सोडा.

तर तुमच्याकडे आधी काटा बघा, थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, दोन्ही वेळा. गरम असताना 3 च्या जवळ जात असेल तर व्हेसल तपासायला सांगा. कधीकधी पडदा शाबूत असतो, नुसती हवा कमी झालेली असते, पंपाने भरली की काम होतं. गरम असतानाही वर न जाता कायम खालीच येत असेल तर मग लीक शोधा. वर्षातून एखाद्या वेळी पाणी भरावं लागलं तर ठीक. सारखं भरावं लागतंय म्हणजे ती देखभाल नाही.

आता रात्रीचा मुद्दा, कारण तो वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. भाऊजींचं म्हणणं, सिग्नलला गाडी सारखी बंद-चालू केली तर पेट्रोल जास्त जातं, तसंच हे. गाडीचं काय ते सोडा, घराचं तसं नसतं. घरातून उष्णता बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या तापमानात जेवढा फरक तेवढ्या प्रमाणात. बाहेर 4 आणि आत 20 असेल तर फरक 16 चा, आत 14 पर्यंत उतरलं तर 10 चा. म्हणजे जितके तास घर गार आहे तितके तास गळती कमी. सकाळी बॉयलर जोर लावतो तो फक्त भिंती जेवढ्या गार झाल्या तेवढं भरून काढायला, त्याच्यावर वेगळा दंड बसत नाही. सकाळी बॉयलरचा आवाज मोठा येतो म्हणून लोकांना वाटतं गॅस जास्त चाललाय. रात्रभर मंद मंद जातो तो ऐकू येत नाही ना!

मी काही रात्री त्यांच्या पद्धतीने आणि काही रात्री माझ्या पद्धतीने ठेवून झोपताना आणि सकाळी नऊला मीटर लिहून ठेवला, शेजारी बाहेरचं तापमान. माझ्या रात्रींना कमी गेला. कागद फ्रिजवर लावला. भाऊजी म्हणाले वारा वेगळा होता. मिस्टरांना तुम्ही पण हेच करायला लावा, त्यांच्याच हाताने लिहून घ्या म्हणजे वाऱ्याचं कारण निघणार नाही.

बाकीचं भराभर सांगते. रेडिएटरच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हवरचा (बाजूला आकड्यांची फिरकी असते ती) 5 आकडा म्हणजे लवकर तापतं असं नाही, तो खोली किती गरम करायची ते सांगतो, 3 म्हणजे साधारण 20 डिग्री. 5 वर ठेवून नंतर खिडकी उघडणारे लोक मला माहिती आहेत, नाव घेत नाही. रेडिएटरसमोर सोफा आणि त्याच्यावरून लांब पडदा असेल तर तुम्ही खिडकी तापवताय. कंडेन्सिंग बॉयलर असेल तर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान बघा, पुष्कळदा ते 75-80 ला लावून दिलेलं असतं. परत येणारं पाणी साधारण 55 च्या खाली असेल तरच धुरातली वाफ पाणी होऊन तिची उष्णता परत मिळते, नाहीतर कंडेन्सिंगचे पैसे उगाच दिले. 60 च्या आसपास आणून बघा, खोली थोडी सावकाश तापेल पण बिलात फरक दिसेल. मात्र गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर त्या टाकीतलं पाणी 60 च्या खाली ठेवू नका, जंतू वाढतात. आणि इलेक्ट्रिक हीटर कुठलाही घ्या, ऑइलवाला, पंख्याचा, महागडा, 1500 वॉटचा तासाला दीड युनिटच खाणार आणि तेवढीच उष्णता देणार. त्यात "कमी विजेत जास्त गरम" असं काही नसतं.

हां, रात्री बंद करा म्हटलं ते सगळ्यांना लागू नाही. हीट पंप (बाहेरची उष्णता आत आणणारं यंत्र) असेल किंवा जमिनीखालचं हीटिंग असेल तर पूर्ण बंद न करता दोनेक डिग्रीच उतरवा, ते तापायला फार वेळ घेतात. घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर 18 च्या खाली जाऊ देऊ नका, बिल गेलं खड्ड्यात. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर पाइप गोठतात, तेव्हाही बंद नको. भिंतींना ओल येत असेल तर आधी त्याचं बघा.

सर्व्हिसिंग दरवर्षी करा. पैसे वाचवायला नाही, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूपासून वाचायला. त्याला वास नाही, रंग नाही. निळी ज्योत पिवळी दिसायला लागली किंवा घरात सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर बॉयलर बंद, खिडक्या उघड्या आणि सगळे बाहेर. या वायूचा अलार्म नसेल तर आजच आणा. आणि बॉयलरचं कव्हर स्वतः उघडू नका, मिस्टर इंजिनियर असले तर अजिबातच नाही.

तुमचा थर्मोस्टॅट कुठल्या खोलीत आहे ते लिहिलं नाहीत. त्याच खोलीतल्या रेडिएटरलाही थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असेल तर ते दोघं एकमेकांशी भांडत बसतात. ते बघून सांगा, मग पुढचं लिहिते.