ढोल पडला की आवाज मागे का सरतो?

प्रश्न : नमस्कार, मी नाशिकचा, इंदिरानगरचा. आमच्या ढोलपथकाच्या विसर्जन मिरवणुकीची डीव्हीडी एका स्टुडिओकडून करून घेतली होती, वाकडी बारवपासून रविवार कारंजापर्यंतचं शूटिंग आहे. ताशा एकटा वाजतो तेव्हा आवाज मस्त भरून येतो पण सगळे ढोल एकदम पडले की तो वाढायच्या ऐवजी मागे सरतो, आणि ठेका थांबला की गर्दीचा गलका हळूहळू वर येतो. डीव्हीडीवरून कॉम्प्युटरवर एमपी३ काढल्या, त्यातही तसंच. हे कॉम्प्रेशन, म्हणजे मोठा आवाज दाबणं आणि हळू आवाज वर आणणं, काढता येतं का, की रेकॉर्डिंगच गेलं?

उत्तर : रेकॉर्डिंग गेलं असं एवढ्यात म्हणू नका. तुमच्याकडे डीव्हीडी आहे ना, ती जपून ठेवा, सगळं तिच्यावरच आहे. एमपी३ वर मात्र मेहनत करू नका, का ते सांगतो.

डीव्हीडीवरचा आवाज बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटलमध्ये असतो, म्हणजे एसी-३. यात आवाज एकीकडे असतो आणि तो कुठे किती चढवायचा-उतरवायचा याच्या सूचना त्याच फाइलमध्ये पण वेगळ्या लिहिलेल्या असतात. आवाजाचे छोटे तुकडे केलेले असतात, त्यांना फ्रेम म्हणतात, एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची, तिचे ६ ब्लॉक पडतात आणि प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे साधारण दर ५ मिलिसेकंदांना, डायनरेंज नावाचा एक आकडा देता येतो, २४ डेसिबलपर्यंत वर किंवा खाली. वाजवताना प्लेअर तो आकडा वाचतो आणि तेवढा आवाज हलवतो. ताटात बाजूला वाढलेलं मीठ असतं तसं आहे हे, नको असेल तर घेऊ नका, भाजीत अजून पडलेलं नाही. प्लेअरला ते आकडे वाचू नको म्हटलं की तुमच्या पथकाचा ढोल एन्कोड करताना, म्हणजे एसी-३ मध्ये भरताना, होता तसाच्या तसा बाहेर येतो.

आता असं का झालं? डीव्हीडी बनवायच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फिल्म स्टँडर्ड नावाचं प्रोफाइल आणि डायलॉगची पातळी उणे २७ डेसिबल (यात ० म्हणजे सगळ्यात मोठा आवाज) असं आधीच भरलेलं असतं, आणि घाईच्या कामात ते तसंच राहून जातं. हे प्रोफाइल सिनेमासाठी आहे, लोक घरात रात्री बघतात म्हणून बोलणं मध्यावर धरायचं, त्याच्या खालचं ६ डेसिबलपर्यंत वर आणायचं आणि त्याच्या वरचं दाबायचं. मिरवणुकीत डायलॉग कुठून येणार! ढोल-ताशाची सरासरीच उणे २७ च्या कितीतरी वर असते, त्यामुळे अख्खं वादन त्याला गोंगाट वाटतं आणि टिपरू पडलं रे पडलं की ते खाली ढकलतं, आणि ठेका थांबला की गर्दीला हळू आवाज समजून वर ओढतं. तुमच्या दोन्ही तक्रारी यातूनच येऊ शकतात. पथकानं महिनोनमहिने सराव करून जो दणका बसवलेला असतो तोच नेमका यात मारला जातो, म्हणून मला हे असं तसंच सोडून दिलेलं बघवत नाही.

आधी खात्री करून घ्या. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डीव्हीडीवरची व्हीओबी फाइल (चित्र आणि आवाज हिच्यातच असतात) उघडली की एसी-३ च्या माहितीत डायलॉग नॉर्मलायझेशन, म्हणजे ती डायलॉगची पातळी, आणि डायनरेंजचे आकडे दिसतात. ते दिसले तर एफएफएमपेगनं (कमांड टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर) आवाज काढा, त्यात एसी-३ साठी डीआरसी अंडरस्कोअर स्केल (drc_scale) असा ऑप्शन आहे, डीआरसी म्हणजे डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन, हेच ते आपलं कॉम्प्रेशन, त्याची किंमत ० द्या, आणि हा ऑप्शन इनपुट फाइलच्या आधी टाकायचा बरं का, नंतर टाकलात तर उपयोग नाही. काहीच दिलं नाही तर ती किंमत १ धरली जाते, म्हणजे कॉम्प्रेशन पूर्ण लागतं आणि मग जी फाइल बनते तिच्यात ते कायमचं मिसळून जातं. तुमच्या एमपी३ अशाच कुठल्यातरी प्रोग्रॅमनं काढलेल्या असणार, आणि एमपी३ मध्ये ते सूचनांचे आकडे येतच नाहीत, मग उलटं करायचं तरी कशाच्या आधारावर? म्हणून परत डीव्हीडीवरूनच काढा, आणि काढताना फ्लॅक किंवा वेव्हमध्ये काढा, त्यात आवाजातलं काही गळत नाही, एमपी३ नंतर त्यावरून कितीही करता येतील.

व्हिडिओ बदलून घ्यायला हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ऑडिओच्या टॅबमध्ये डीआरसी ० वर आहे ना ते बघा. नुसतं ऐकायचं असेल तर व्हीएलसी प्लेअरच्या सगळ्या सेटिंग्ज उघडून ऑडिओ कोडेक्समध्ये ए/५२ च्या नावाखाली डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशनची खूण असते ती काढा, ए/५२ म्हणजे एसी-३ च. घरच्या डीव्हीडी प्लेअरच्या मेनूतही डीआरसी किंवा नाइट मोड असतो, तो बंद करा.

कॉम्प्रेशन काढल्यावर ताशाचा भाग आधीपेक्षा हळू वाटेल, ते बरोबरच आहे, व्हॉल्यूम वाढवा. लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं छाटणारा फिल्टर, लावून परत मोठा करू नका, मग सगळं मुसळ केरात.

आणि सेटिंग ० करूनही ढोल दबलेलाच राहिला तर मात्र दोष मूळ चित्रीकरणातला आहे. व्हिडिओ कॅमेऱ्यात माइकची पातळी ऑटोवर असते, मोठा आवाज आला की कॅमेरा स्वतःच ती खाली घेतो आणि शांत झालं की वर, ऐकायला अगदी असंच लागतं. ते रेकॉर्ड होतानाच मिसळलेलं असतं, त्याचा हिशोब कुठे लिहिलेला नसतो. एक्सपांडर, म्हणजे कॉम्प्रेशनच्या उलटं करणारा फिल्टर, लावून थोडंफार साधतं पण ढोलाबरोबर गर्दीही उसळते, मला ते ऐकवत नाही. त्यापेक्षा यंदा पातळी हातानं लावायला सांगा, सगळे ढोल एकत्र वाजवून दाखवायचे आणि त्याच्या वर ६ ते १० डेसिबल जागा सोडायची.

प्रश्न : मंडळाच्या आरत्यांच्या एमपी३ कमी-जास्त आवाजाच्या होत्या म्हणून एमपी३गेन नावाच्या प्रोग्रॅमनं सारख्या केल्या. आता मूळ हव्यात आणि बॅकअप नाही. हे पण कॉम्प्रेशनच ना? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही, हे सोपं आहे. एमपी३गेन अख्ख्या आरतीचा आवाज सरसकट एकाच मापानं हलवतं, १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी, तेही परत एन्कोड न करता, फ्रेममधला एक आकडा बदलून. किती हलवलं ते एपीई टॅगमध्ये, म्हणजे फाइलला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीत, लिहून ठेवतं, त्याच प्रोग्रॅममध्ये अनडूचा ऑप्शन आहे, तो दाबला की जुनी पातळी परत येते. फक्त मधल्या काळात कुठल्या टॅग साफ करणाऱ्या ॲपमधून त्या फाइल गेल्या असतील तर ती नोंद पुसली गेलेली असेल, मग एखादी आरती मूळ सीडीशी ताडून बघा आणि पायऱ्या मोजून हातानं मागे घ्या.