केमोला दाद न देणाऱ्या पेशीत पंप आहे हे कसं दाखवायचं? आणि रुग्णाला तो पंप बंद करणारं औषध का देत नाहीत?

तुमचे प्रश्न दोन. परभणीत एम.एस्सी. बायोटेकच्या प्रोजेक्टमध्ये डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाला दाद न देणाऱ्या पेशी ऱ्होडामाइन हा चमकणारा रंग कमी धरतात, तर पी-ग्लायकोप्रोटीन, म्हणजे औषध पेशीबाहेर फेकणारा पंप, सिद्ध झालं का? आणि व्हेरापामिल या रक्तदाबाच्या औषधाने हा पंप बंद पडतो, तर केमोसोबत ते रुग्णाला का देत नाहीत?

पहिल्याचं उत्तर: नाही झालं. चमक कमी दिसली की ‘पंप सापडला’ म्हणून मोकळं व्हायचं, या सवयीशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

ऱ्होडामाइन १२३ पेशीत शिरला की मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतो, कारण तिथला विद्युतभार त्याला ओढून घेतो. तो भार उतरला तरी चमक उतरते. पंप नसलेली अर्धमेली पेशी आणि पंपांनी भरलेली ठणठणीत पेशी, फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) दोघींचा आलेख डावीकडेच, म्हणजे कमी चमकेकडे, सरकतो. म्हणून एका ट्यूबवर निकाल देता येत नाही.

मिलिलिटरला दहा लाख पेशी घ्या. ऱ्होडामाइन १ मायक्रोमोलरच्या आसपास, ३७ अंशांवर ३० मिनिटं. थंडगार पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा धुवा आणि तीन वाटे करा. पहिला वाटा बर्फावर. दुसरा वाटा ऱ्होडामाइन नसलेल्या माध्यमात ३७ अंशांवर एक तास. तिसरा दुसऱ्यासारखाच, फक्त त्यात पंप अडवणारा रोधक: व्हेरापामिल २० मायक्रोमोलर किंवा टॅरिक्विडार ०.१ मायक्रोमोलर. रोधक ज्या डीएमएसओ द्रावकात विरघळवला, तेवढाच डीएमएसओ दुसऱ्यातही घाला. मूळ, दाद देणाऱ्या पेशींचेही असेच तीन वाटे हवेत. शेवटी पुन्हा थंड धुणं, मेलेल्या पेशी वगळायला ७-एएडी, ४८८ नॅनोमीटरचा लेसर, ५३० जवळ वाचन.

पंप असेल तर दुसऱ्या वाट्यात चमक पडते आणि तिसऱ्यात ती पहिल्याच्या जवळ टिकते. मूळ पेशींत दुसऱ्या-तिसऱ्यात फारसा फरक दिसत नाही. बर्फावरचा वाटाच मुळात फिका असेल तर रंग भरतानाच पंपाने तो बाहेर काढला असेल किंवा मायटोकॉन्ड्रिया कमजोर असतील. मग रंग भरताना व्हेरापामिल घाला आणि नंतर धुऊन टाका. इथे टॅरिक्विडार नको, ते पंपाला घट्ट चिकटतं आणि धुतल्याने सहज निघत नाही.

आता परभणीची अडचण. पंप एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर, चालतो आणि ३७ अंशांना जोरात चालतो. मे महिन्यात बाहेर ४४ आणि खोलीतला एसी बंद असेल, तर तुमचं टेबलच ३७ अंशांचं असतं. धुताना ट्यूब दहा मिनिटं स्टँडवर राहिली की रंग तिथेच बाहेर पडू लागतो आणि पहिला वाटा कंट्रोल राहत नाही. सेंट्रिफ्यूज रोटरसकट आधी ४ अंशांवर आणा. बर्फाचे मोठे खडे ट्यूबला एखाद-दुसऱ्या जागीच टेकतात, मधली हवा गरम राहते. बर्फ बारीक फोडा, वर पाणी ओता आणि त्या काल्यात ट्यूब गळ्यापर्यंत बुडवा. कारखान्याची लादी गोणपाटात घालून फोडली तरी चालते, फक्त झाकणात पाणी जाऊ देऊ नका.

डॉक्सोरुबिसिन स्वतःच लाल चमकतं, त्यामुळे प्रतिरोधी पेशी त्यात वाढवत असाल तर प्रयोगाआधी पाच-सात दिवस औषध काढा. कित्येक आठवडे काढून ठेवू नका, प्रतिरोधच ओसरू शकतो. हे औषध डीएनएत शिरलं की त्याची चमक दबते, म्हणून चमकेवरून त्याचं प्रमाण मोजू नका. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र जरूर बघा: मूळ पेशीत केंद्रक लाल दिसतं, प्रतिरोधी पेशीत ते काळं आणि भोवती लाल ठिपके दिसले, तर औषध आत असूनही पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांत अडकलंय.

पेशी कुठून आल्या तेही तपासा. ‘एमसीएफ-७/एडीआर’ म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली पेशींची वाण स्तनाच्या कर्करोगाची नव्हतीच, ती अंडाशयाच्या कर्करोगाच्या ओव्हीकार-८ या वाणापासून आलेली निघाली. एसटीआर तपासणीशिवाय (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी चाचणी) बाटलीवरच्या नावावर माझा विश्वास नाही.

खरा पुरावा पेशींच्या मरणाचा. ७२ तासांची एमटीटी (किती पेशी जिवंत उरल्या ते मोजणारी चाचणी) लावा, डॉक्सोरुबिसिन एकटं आणि पेशींना न मारणाऱ्या मात्रेतल्या रोधकासोबत. शेजारी सिस्प्लॅटिन या दुसऱ्या केमो औषधाचा रकाना ठेवाच. सिस्प्लॅटिन पी-ग्लायकोप्रोटीनमधून जात नाही. रोधकाने डॉक्सोरुबिसिनचा आयसी-५० (निम्म्या पेशी रोखणारी मात्रा) उतरला आणि सिस्प्लॅटिनचा जागेवर राहिला, तर तुमचं म्हणणं उभं राहतं. दोन्ही उतरले तर रोधक दुसरंच काहीतरी करतोय.

दुसरा प्रश्न. ज्युलियानो आणि लिंग या संशोधकांनी १९७६ मध्ये पी-ग्लायकोप्रोटीन दाखवलं आणि १९८१ मध्ये संशोधक त्सुरुओंनी व्हेरापामिलने व्हिंक्रिस्टिन या केमो औषधाचा प्रतिरोध उलटवला. पण प्रयोगशाळेत प्रतिरोध उलटवायलाच लागतात साधारण ५ ते १० मायक्रोमोलर, तर नेहमीच्या गोळ्यांनी रक्तात एक मायक्रोमोलरही नीट होत नाही. त्यावर गेलं की रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके अडतात. शिवाय हाच पंप आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या केशवाहिन्यांत राखणीला बसलेला असतो. व्हॅल्स्पोडार हा नंतरचा पंपरोधक दिल्यावर पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध शरीराबाहेर पडायलाच वेळ लागला, मग केमोचा डोस उतरवावा लागला. व्हॅल्स्पोडार आणि झोसुक्विडार हे दोन्ही रोधक मोठ्या चाचण्यांत आयुष्य वाढवू शकले नाहीत. माझ्या मते, गाठीत पंप आहे की नाही हे न तपासता रुग्ण घेतले, ही त्यातली मोठी चूक.

एक राहिलं. सगळा दोष बाहेर फेकणाऱ्या पंपांचा नसतो, आत घेणारी दारंही बंद होतात. केमोच्या औषधांपैकी मेथोट्रेक्झेटला पेशीत शिरायला एसएलसी१९ए१ हे दार लागतं, सायटाराबिनला ईएनटी१. टोपोटेकान या औषधाला बाहेर फेकतो तो एबीसीजी२ हा वेगळाच पंप, आणि तुमचा ऱ्होडामाइनचा प्रयोग यातलं काहीच नीट दाखवत नाही. घरी कुणाची केमो चालू असेल तर यातलं औषध स्वतःहून देऊ नका. जास्त डोसच्या मेथोट्रेक्झेटआधी मेडिकलमधून आणलेली पॅन्टोप्राझोल आणि दुखण्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना नक्की दाखवा, त्यांनी मेथोट्रेक्झेट शरीरात रेंगाळतं.

आणि प्रोजेक्टला कुणी म्हणालं की ‘एवढं कशाला, एक आलेख पुरे’, तर वाद घालत बसू नका. सिस्प्लॅटिनचा रकाना पुढे ठेवा आणि त्यांच्या आलेखात तो कुठे आहे, एवढंच विचारा.