अतिशय मोठे दुष्कृत्य करणाऱ्याला क्षमा करता येते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: हत्याकांडासारखे दुष्कृत्य करणाऱ्याला क्षमा करणे शक्य आहे का, आणि ज्याला ती करवत नाही तो माणूस मनाने लहान ठरतो का. माझ्या मते क्षमा शक्य आहे, परंतु ज्याने सोसले त्यालाच ती करता येते, आणि तीही त्याच्या स्वतःच्या वाट्यापुरती. मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मुलांना नाही आणि सरकारलाही नाही.

हे मी घरात शिकलो. आमचे गाव वाळवा तालुक्यातले, तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेले आणि आता सांगलीत येणारे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, आणि खुन्याची जात तीच आमची, एवढ्या कारणावरून पुढच्या काही दिवसांत या भागात अनेक घरे जाळण्यात आली. त्यांत आमचाही वाडा गेला. आमच्या घरातले कोणी दगावले नाही, म्हणून हत्याकांडाशी मी त्याची बरोबरी करत नाही. परंतु पणजी पुण्यात भाड्याच्या खोलीत वारली आणि गावाचे तोंड तिने पुन्हा पाहिले नाही. आजोबा मात्र शेतीसाठी परतले. वीसेक वर्षांनी गावातलाच एक गृहस्थ संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "अण्णा, रॉकेलचा डबा माझ्या हातात होता." आजोबांनी उत्तर दिले, "माझ्यापुरतं मिटलं. पण आईचं मी कसं मिटवू? तिला विचारायला हवं होतंस." हा प्रसंग वडिलांनी मला अनेकदा सांगितला आहे, आणि आजोबांच्या त्या उत्तरापेक्षा प्रामाणिक उत्तर मला अजून सुचलेले नाही.

क्षमा केली म्हणजे शिक्षाही टळावी, हा समजही मला चुकीचा वाटतो. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले गाडीत झोपलेली असताना जमावाने त्यांना जिवंत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली आणि त्या पुढेही काही वर्षे बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. तरी खटला चालला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस यांनी मनातला द्वेष सोडला, पण न्यायालयाचे काम न्यायालयाकडेच राहिले.

मराठीत आपण कर्ज 'माफ' करतो, शिक्षा 'माफ' करतो. 'क्षमा' हा शब्द तेथे वापरत नाही, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीतील अत्याचारांची चौकशी करण्यासाठी आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे संपूर्ण सत्य सांगणाऱ्याला, गुन्हा राजकीय हेतूने घडला असल्यास, खटल्यातून माफी मिळू शकत होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले आणि ८४९ जणांना माफी मिळाली. १९७७ मध्ये पोलीस कोठडीत मरण पावलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने मात्र या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिले. ते हरले, पण १९९९ मध्ये संबंधित पोलिसांचे माफीचे अर्ज आयोगाने फेटाळले. देश सावरण्यासाठी अशी माफी कदाचित आवश्यक असेल, परंतु त्या कुटुंबाने सलोख्यासाठी गप्प बसावे अशी अपेक्षा करणे मला क्रूर वाटते.

आता आपला दुसरा प्रश्न. तो गृहस्थ आला त्या संध्याकाळी आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, आणि पुढे मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. पणजीच्या शेवटच्या दिवसांत तिची सेवा आजीनेच केली होती. आजोबांनी त्या दिवशी चहा स्वतः केला, दोन कप सोप्यावर नेले, आणि त्याबद्दल आजीला ते कधी एक शब्दही बोलले नाहीत.