आपले प्रश्न : कातकामात ठरवले एक, साधले दुसरेच

गेल्या अंकात चरकावरच्या, म्हणजे लेथवरच्या, लाकडी कातकामाविषयी लिहिताना मी वाचकांना एक विनंती केली होती. करायला घेतलेले एक आणि हाती आलेले दुसरेच, असा प्रसंग आपल्याही कामात आला असेल तर तो कळवावा. आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून उत्तरे मात्र प्रश्नाच्या गरजेप्रमाणे लहान-मोठी झाली आहेत.

प्रश्न : जुलैच्या वादळी पावसात आमच्या सोसायटीतील आंब्याची मोठी फांदी पडली. तिचा एक तुकडा मागून घेऊन मी त्याच आठवड्यात लेथवर वाडगा कातला. उतरवला तेव्हा काठ सगळीकडून अचूक २० सेंटीमीटर होता. तीन आठवड्यांनी मोजला, तर एका बाजूने २० आणि दुसऱ्या बाजूने १९ भरला, शिवाय काठ वर-खाली झाला. माझ्या मते काम बिघडले. घरच्यांच्या मते आजवर केलेल्या वाडग्यांत हाच सर्वांत देखणा आहे. पुढच्या वेळी हे टाळावे कसे? – एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

उत्तर : घरच्यांचे म्हणणे मला पटते. तरी आधी कारण सांगते, कारण ते कळले की टाळणे आणि मुद्दाम घडवून आणणे या दोन्ही गोष्टी आपल्या हातात येतात.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतील पाणी उडून जाते तेव्हा लाकूड हलके होते, पण त्याचे माप बदलत नाही. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरले की भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि तेथून आकसणे सुरू होते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे असते तर आपला वाडगा लहान झाला असता, पण गोलच राहिला असता. प्रत्यक्षात लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही, गाभ्याकडून सालीकडे साधारण ३ ते ५ टक्के आकसते आणि वलयांच्या वळणाने त्याच्या जवळपास दुप्पट आकसते. आपल्या वाडग्याची जी बाजू २० सेंटीमीटरवर कायम राहिली, ती फांदीच्या लांबीची बाजू आहे. पावसाळ्यात कपाटाचा खण अडकतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तोच सैल होतो, ती हालचालही याच जातीची.

आपण आजवर भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणलेले किंवा पाडलेल्या जुन्या वाड्याच्या तुळईचे सागवान कातत असाल, तर हा अनुभव येण्याचे कारणच नव्हते. त्या लाकडाची बहुतेक हालचाल आधीच होऊन गेलेली असते.

गोल वाडगाच हवा असेल, तर ओले लाकूड दोनदा कातावे लागते. पहिल्या वेळी भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे २० सेंटीमीटरला २ सेंटीमीटर, जाड ठेवावी. जेथे तंतूंची तोंडे उघडी पडतात तेथे मेण लावावे आणि वाडगा कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवावा. दर महिन्याला स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून बुडावर पेन्सिलीने लिहीत जावे. सलग दोन-तीन वेळा वजन तेच भरले, की तो वाकडा झालेला वाडगा पुन्हा चरकावर चढवून कातून गोल करावा. यात काही महिने जातात.

पण आपल्या हाती जे आपोआप लागले ते मुद्दाम करायचे ठरवले, तर रीत अगदी उलटी आहे आणि मला ती अधिक प्रिय आहे. भिंत ५-६ मिलिमीटरपर्यंत पातळ आणि सर्वत्र एकसारखी न्यावी, आणि हे काम एका बैठकीत संपवावे. ओला आंबा कातताना पटाशीखालून हातभर लांब सालपटे सुटतात, पाण्याचे तुषार चेहऱ्यावर येतात आणि काम इतके सुखाचे होते की चहाला उठण्याचा मोह सहज टाळता येतो. तो टाळावाच, कारण तासाभरात काठ हलू लागतो आणि परत आल्यावर पटाशी एका बाजूला खोल लागते, दुसऱ्या बाजूला टेकतही नाही. फांदीचा मध्य, जेथून तडे निघतात, तो वाडग्यात येऊ देऊ नये. वाडग्याचे बूड शक्यतो सालीच्या बाजूला ठेवावे. सुकताना लाकडाची सालीकडील बाजू किंचित आत ओढली जाते, त्यामुळे वाडगा बुडाच्या कडेवर नीट बसतो. बूड गाभ्याकडे ठेवले तर ते बाहेर फुगते आणि वाडगा मेजावर डुलत राहतो. पॉलिश पेपर मात्र पूर्ण सुकल्यावर, हातानेच मारावा. ओल्यावर मारलेला कागद क्षणात लगद्याने भरून जातो.

आपण फांदी मागून घेतली हे उत्तम केले. उभे झाड किंवा त्याची फांदी स्वतःहून तोडू नये. महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे आणि त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

प्रश्न : बाभळीचा खलबत्ता कातायला घेतला होता. लाकूड थोडे ओलसर होते. रात्री तुकडा लेथच्या लोखंडी पाट्यावर तसाच राहिला आणि सकाळी त्यावर शाईसारखे निळे-काळे डाग दिसले. घासून जात नाहीत. लाकूड कुजले आहे का? – एक गृहिणी, सदाशिव पेठ

उत्तर : लाकूड पूर्ण धडधाकट आहे. याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, तेच येथे झाले. बाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, म्हणून तर तिची साल कातडी कमावायला वापरत आले आहेत. टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या वाड्याच्या सागवानात खिळ्याभोवती जे काळे वलय दिसते तेही हेच. ते वलय दिसले की पटाशी लावण्याआधी आत मोडलेला खिळा नाही ना, हे पाहावे.

डाग घालवायचेच असतील तर ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणाने ते जातात. हे आम्ल विषारी आहे, हातमोजे घालावेत, आणि खलबत्ता खाण्याच्या वस्तूंसाठी असल्यामुळे मी आपल्याला ते सुचवणार नाही. खलबत्त्याचे डाग तासून काढावेत.

मात्र पुढचा तुकडा शोभेच्या वस्तूसाठी असेल, तर हाच डाग संपूर्ण पृष्ठभागावर मागून घ्यावा. काचेच्या बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात तेल धुऊन काढलेली लोखंडी लोकर (स्टील वूल) किंवा खिळे टाकावेत आणि झाकण सैल ठेवावे, कारण आत वायू तयार होतो. काही दिवसांनी द्रावण फडक्याने गाळून कातलेल्या बाभळीवर कुंचल्याने लावावे. प्रथम पाणी लावल्यासारखेच दिसते. मग करडेपणा येतो आणि पाहता पाहता लाकूड कोळशासारखे होते, तरी तंतूंच्या रेषा झाकल्या जात नाहीत. विकतच्या जाड काळ्या रंगाखाली त्या झाकून जातात. आंब्यासारख्या फिक्या लाकडात टॅनिन कमी असते. त्यावर आधी हिरड्याच्या पुडीचा काढा लावून सुकवावा आणि मग लोखंडाचे पाणी लावावे. कलमकारीचे कारागीर कापडावर काळी रेघ उमटवतात तीही हिरडा आणि लोखंड यांच्याच संयोगाने.

प्रश्न : शिसवीच्या डबीचे झाकण कातताना पटाशी थरथरली आणि मधोमध गोल फिरत जाणारी सुंदर नक्षी उमटली. नंतर दहा झाकणांवर प्रयत्न केला, पण एकदाही जमली नाही. अशी अवचित साधलेली गोष्ट पुन्हा कशी साधावी? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धायरी

उत्तर : माझ्याकडे हे प्रथम घडले ते कुंकवाच्या करंड्याच्या झाकणावर. करवतीच्या जुन्या पात्यापासून केलेली पातळ पटाशी मी घाईत टेकणाच्या, म्हणजे हत्यार ज्यावर टेकवून धरतात त्या आधाराच्या, फार पुढे काढली होती. झाकणाला लागताच पात्याने सूर धरला. मी दचकून हात मागे घेतला आणि चरक थांबवून पाहिले, तर सूर्यफुलाच्या बिया जशा मांडलेल्या असतात तशा बारीक खुणा मध्यापासून काठापर्यंत वळत गेल्या होत्या. मलाही ती नक्षी नंतर कित्येक आठवडे मिळाली नाही, कारण मी आठवत होते ते फक्त झाकण. पाते किती पुढे होते, चरकाचा वेग किती होता, हे मी कोठेही लिहिले नव्हते.

नक्षी होते ती अशी. पाते कंप पावताना दर कंपाला एक खूण करते. एका फेऱ्यात होणाऱ्या कंपांची संख्या पूर्णांकात नसेल, तर पुढच्या फेऱ्यातील खुणा थोड्या सरकून पडतात आणि त्या सरकण्यातून वळण तयार होते. त्यामुळे चार गोष्टी जुळाव्या लागतात. लाकूड कठीण आणि बारीक पोताचे हवे, तंतूंची तोंडे पटाशीसमोर हवीत, पाते पातळ आणि टेकणाबाहेर बरेच निघालेले हवे, आणि वेग ठरलेला हवा. आपली दहा झाकणे दुसऱ्या लाकडाची असतील किंवा तंतू आडवे धरून कातली असतील, तर अपयशाचे कारण तेच आहे. आंब्यावर मी हा प्रयोग केला तेव्हा नक्षीऐवजी नुसती लव उभी राहिली. आता केवळ याच कामासाठी स्प्रिंगच्या पोलादाची पातळ हत्यारे करतात. सर्वत्र दोष मानली जाणारी थरथर कोणीतरी नीट न्याहाळली, म्हणून ती हत्यारे झाली.

माझी पद्धत सांगते. काही भलतेच घडले की तुकडा चरकावरून उतरवण्यापूर्वी मी त्याच्या बुडावर पेन्सिलीने चार शब्द लिहिते : लाकूड, ओले की सुके, वेग, आणि हत्याराचे टेकणापासूनचे अंतर. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून तसाच दुसरा तुकडा कातते. वाया गेलेले तुकडे जाळू नयेत. माझ्या फळीवर असे तुकडे आहेत की ज्यांचा अर्थ मला दोन-तीन वर्षांनी लागला.

एक मर्यादा मात्र कसोशीने पाळावी. तडा गेलेला किंवा खडखडणारा तुकडा कुतूहलापोटी फिरवत राहू नये, तो सुटून तोंडावर येतो. व्यासाचे इंच आणि दर मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान असावा, म्हणजे ८ इंची वाडग्याला ७५० ते सव्वाअकराशे फेरे. नव्या, असमतोल तुकड्याला याहूनही कमी वेग द्यावा, आणि चेहऱ्यावर पूर्ण झाकण हवेच.

प्रश्न : अंगणात पडून राहिलेल्या आंब्याच्या ओंडक्यात नकाशासारख्या काळ्या रेषा निघाल्या. त्या मुद्दाम आणता येतील का? – एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : येतील. त्या रेषा म्हणजे लाकडात शिरलेल्या बुरशींनी एकमेकींविरुद्ध घातलेली कुंपणे आहेत, आणि पुण्याचा पावसाळा त्यांना मानवतो. जूनअखेरीस ताजा ओंडका ओल्या पालापाचोळ्यात, एक तोंड मातीला टेकवून ठेवावा आणि गणपतीच्या सुमारास कापून पाहावा. आंबा लवकर कुजतो, त्यामुळे दिवाळीपर्यंत वाट पाहू नये. कापलेल्या भागात अंगठ्याचे नख सहज रुतले तर तो भाग सोडून द्यावा, आणि नख अडले तर तुकडा सावलीत पूर्ण सुकवून, नाका-तोंडावर चांगला मास्क बांधूनच कातायला घ्यावा.