जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरची नळजोडणी आणि उपकरणे सुरू करण्यापूर्वी

जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, ताब्यात आल्यावर टाकीत लगेच पाणी भरण्याचा मोह आवरावा. हिवाळ्यात आत साचलेले पाणी गोठून नळ्या तडकलेल्या असू शकतात आणि ती गळती बहुधा भिंतीतले लाकूड भिजल्यावरच लक्षात येते. म्हणून सर्व तोट्या बंद करून, पंप वेगळा काढून, वाहिनीत सुमारे 30 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा भरावी आणि दाबमापकाचा काटा खाली सरकतो का, ते पाहावे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. तांब्याची नळी एखाद्याच ठिकाणी चिरली असेल तर तेवढाच तुकडा बदलावा. करड्या रंगाची पॉलिब्युटिलीन (एक जुन्या प्रकारचे प्लास्टिक) नळी आढळली, तर मात्र ठिगळे लावत न बसता ती सगळी काढून पेक्स (लवचिक प्लास्टिकची) नळी टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने अमोनिया फिरवून तो थंडावा निर्माण करतो. त्यामुळे ट्रेलर समतल उभा नसेल, तर धडधाकट फ्रिजही गार होत नाही, आणि लोक विनाकारण त्याला भंगारात काढतात. मागील नळ्यांवर पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा उग्र दर्प जाणवल्यास मात्र यंत्रणा फुटली आहे असे समजावे व ज्योत अजिबात लावू नये.

गॅसचा जुना रेग्युलेटर बदलून नवाच बसवावा, आणि गॅसवाहिनीची तपासणी जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. गीझरची टाकी पाण्याने पूर्ण भरल्याखेरीज तो पेटवू नये.